स्टार डॉट डॅट विंडोजवर तसंच का राहतं?

वजनकाटा_सी: काट्यावरून येणाऱ्या डॅट फायली एकत्र करणारा छोटा सी प्रोग्राम आहे. लिनक्सवर ‘जोड *.डॅट’ (म्हणजे डॉट डॅटने संपणाऱ्या सगळ्या फायली) दिलं की आर्गव्हीत, म्हणजे प्रोग्रामला मिळणाऱ्या शब्दांच्या यादीत, सगळी नावं येतात. तोच कोड व्हिज्युअल सीने विंडोजवर बांधला, तर आर्गसी (त्या शब्दांची संख्या) २ आणि आर्गव्ही[१] मध्ये नुसतं ‘*.डॅट’! फाईल उघडणारं एफओपन अर्थातच नल देतं, म्हणजे फाईल उघडतच नाही. आता डिरेक्टरी स्वतःच वाचत बसू का?

जुना_लिंकर: एवढी खटपट नको हो. लिनक्सवर बॅश हा शेल (आज्ञा वाचून प्रोग्राम चालवणारा) ताऱ्याच्या जागी नावं उलगडून मेनला, म्हणजे प्रोग्रामच्या पहिल्या फंक्शनला, तयार यादी देतो. विंडोजचा शेल सीएमडी ते काम प्रोग्रामवरच ढकलतो. लिंक करताना व्हिज्युअल सीची, हे उलगडणं करणारी सेटआर्गव्ही डॉट ओबीजे फाईल जोडा, कोडला हातही लावू नका. मेनऐवजी डब्ल्यूमेन (रुंद अक्षरांचं मेन) असेल तर डब्ल्यूसेटआर्गव्ही.

शेलवाली: लिनक्सवरही गाफील राहू नका. एकही फाईल जुळली नाही तर बॅश ‘*.डॅट’ जसंच्या तसं पुढे सरकवतो. झेडशेल हा दुसरा शेल निदान चूक दाखवून ओरडतो तरी.

वजनकाटा_सी: जोडलं, चाललं! पण आमचा ऑपरेटर सवयीने अवतरणचिन्हं घालतो. मग लिनक्सवर?

शेलवाली: अवतरणातल्या ताऱ्याला शेल हात लावत नाही. तिथे प्रोग्राममध्येच नावं उलगडणारं ग्लॉब फंक्शन वापरा; काम झालं की त्याची मेमरी सोडायला ग्लॉबफ्री. ऑपरेटर काही बदलणार नाही.