'लेसे व्हिब्रे' नेमकं कुठे लिहायचं?

स्वरलिपी: हार्प, व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य), पियानो आणि टांगती झांज यांच्यासाठी लिहितोय. नाद आपोआप विरेपर्यंत चालू राहायला हवा, म्हणजे फ्रेंचमध्ये 'लेसे व्हिब्रे' ('घुमू द्या'). चारही पार्टमध्ये नोटेवर त्याचं लघुरूप 'एल. व्ही.' आणि पुढे रेस्ट (विरामाची खूण), एवढं पुरेल का?

ठोकेबाज: झांजेला पुरणार नाही. रेस्ट आला की झांज धरायची, ही हाताची सवयच असते. नोटेपासून निघून मोकळ्या जागेत संपणारा आखूड टाय (एरवी दोन नोटा जोडणारी कमान) काढा. पहिल्यांदा त्यावर 'एल. व्ही.' लिहा, मग नुसता टाय चालतो. टाय पुढच्या रेस्टपर्यंत ओढू नका, नाहीतर एखादी नोट छापायची राहिली असं वाटतं. (लिलिपाँड या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी वेगळी आज्ञाच आहे.) नाद ठरावीक ठोक्यावर तोडायचा असेल तर मात्र 'एल. व्ही.' नकोच. पूर्ण लांबीची नोट लिहून तिथे डॅम्पची (नाद दाबण्याची) खूण द्या.

व्हायब्राफोनचं पेडल वर असलं की फेल्ट पट्ट्यांना टेकून नाद दाबतं. तिथे पेडलची रेघ हवीच.

सात_पेडल: हार्पची तार दाबली नाही तर वाजतच राहते, त्यामुळे प्रत्येक नोटेवर ही खूण देणं म्हणजे पान भरणं. वरच्या तारा लवकर विरतात. खालच्या, धातू गुंडाळलेल्या तारा खूप रेंगाळतात आणि स्वरसंगती बदलली की सगळा गिचका होतो. 'एल. व्ही.' द्यायची ती वादक एरवी तळव्याने तार दाबेल अशाच ठिकाणी.

खरी अडचण पेडलची. हार्पचं पेडल तारेचा सूर अर्ध्या पायरीने वरखाली करतं. सी घुमत असताना त्याचं पेडल हलवलं तर चकतीवरच्या खुंट्या थरथरत्या तारेला लागून झणझणतात. शिवाय एकच पेडल सगळ्या सप्तकांतले सी बदलतं. म्हणून पुढे सी-शार्प हवा असेल तर डी-फ्लॅट लिहा; सूर तोच, पण तार डीची. तोवर साधा डी लागत नसेल, तर डीचं पेडल आधीच लावून ठेवता येतं.

स्वरलिपी: आणि पियानो?

ठोकेबाज: पट्टी सोडली की डॅम्पर (नाद दाबणारी गादी) तारेवर पडतो, म्हणून पेडल लिहा. सर्वांत वरच्या साधारण दीड सप्तकाला डॅम्परच नसतात. तिथे काही न लिहिताही नाद उरतो. इटालियन 'लाशार व्हिब्रारे'ची आद्याक्षरंही हीच, त्यामुळे वादक कुठलाही असो, खूण कळते.