प्रतिसाद: तक्रार फेटाळली म्हणजे विषय संपला?

ताई, दिव्यांग म्हणून बढती डावलली, तक्रार केली तर 'तथ्य आढळत नाही' एवढ्या एका ओळीत फेटाळली आणि आता साहेब म्हणताय विषय संपला. असा कसा संपला? २०१६ च्या दिव्यांग कायद्यात कलम २० वाचा, निव्वळ दिव्यांग आहे म्हणून बढती नाकारता येत नाही, सरळ लिहिलंय.

आधी वरिष्ठांकडे लेखी अपील टाका. आणि पोच घ्या हो! मला आवक-जावकवाला बोलला ठेवून जा भाऊ, मी बावळटासारखा ठेवून आलो, तीन महिन्यांनी अर्जच सापडेना, परत मे महिन्याच्या उन्हात एरंडोलहून जळगावची एसटी. दुसऱ्यांदा मात्र झेरॉक्सवर गोल शिक्का, तारीख, आवक नंबर पडेपर्यंत टेबलासमोरून हललोच नाही, बाबूचा चहा पिऊन झाला तरी.

सहा महिन्यांत उत्तर नाही आलं तर मॅट, म्हणजे राज्य सरकारी नोकरांच्या तक्रारी ऐकणारं महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, आपल्या खान्देशवाल्यांना संभाजीनगरला जावं लागतं. त्या सहा महिन्यांनंतर १ वर्षाची मुदत, आदेश हातात आला असेल तर आदेशापासून १ वर्ष. पाकीट फेकू नका, पोस्टाची तारीख कामी येते.

फक्त तुम्ही झेडपीत असाल तर मॅट नाही चालत, हायकोर्टाचं बघावं लागेल. कोणत्या खात्यात आहात ते लिहा ना.