शब्दचर्चा : रजा, सवड, उसंत आणि अनध्याय

प्रश्न :
आठवडाभर तंजावरला आहे. सरस्वती महाल ग्रंथालयातले मोडी कागद वाचण्याचं काम आहे. दिवसाचा मोठा भाग त्यात जातो. ऊन उतरलं की बृहदीश्वर मंदिराच्या आवारात फेरफटका मारतो, आणि जमेल त्या संध्याकाळी तिरुवैयारूला कावेरीकाठी जातो. परतल्यावर विभागाला वृत्तान्त द्यायचा आहे. त्यात या मोकळ्या वेळाला काय म्हणावं? 'सुट्टी' म्हटलं तर काम टाकून गेल्यासारखं वाटतं, 'विश्रांती' म्हटलं तर आजारपणातून उठल्यासारखं. 'फावला वेळ' म्हणजे तर उरलासुरला, आणि माझा हा वेळ उरलेला नक्कीच नाही. जाणकारांनी सुचवावं.

प्रतिसाद :
हे सगळे शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो, पण ती मोकळीक कोण देतं हे पाहिलं की त्यांच्यातला फरक लगेच दिसतो. 'रजा' मूळ अरबी, अर्थ संमती. म्हणून ती मागावी लागते, मंजूर किंवा नामंजूर होते. बैठकीतून उठताना 'रजा घेतो' म्हणतात, तिथेही यजमानाची परवानगीच मागितलेली असते. 'सुट्टी'चं नातं सुटण्याशी. शाळा सुटते, कचेरी सुटते, सगळे एकदम मोकळे होतात. 'फुरसत' अरबीतून फारसीमार्गे आली, मुळात संधी. ती मिळाली तर मिळाली, नाहीतर 'मरायला फुरसत नाही'. 'सवड' मात्र ज्याची त्याने काढायची. 'आवड असली की सवड मिळते' असं म्हणतो तेव्हाही ती देणारा दुसरा कुणी नसतो, आपली आवडच देते.

तुमच्या संध्याकाळींना माझ्या मते 'उसंत' हा शब्द जवळचा. पावसाने उसंत घेतली म्हणजे पाऊस संपला असं कुणी समजत नाही, तो परत येणार हे त्या शब्दातच आहे. ज्याने मोडी वाचली आहे त्याला हे लगेच पटेल. लिहिणाऱ्याने ओळभर रेघ आधी ओढून घेतलेली, अक्षरं तिच्याखाली लेखणी शक्यतो न उचलता लिहिलेली. शब्दाशब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. एक शब्द कुठे संपला आणि पुढचा कुठे सुरू झाला हे वाचणाऱ्यानेच ठरवायचं. काही तासांनी ओळखीची वळणंही परकी दिसू लागतात. तिथे उठायलाच हवं, आणि ते उठणं वाचनाचाच भाग आहे.

प्रतिसाद :
'उसंत' चांगला शब्द, पण त्यात थकव्याची छटा आहे. अभ्यास करणाऱ्यांसाठी आपल्याकडे खास घडलेला शब्द असताना तो कुणालाच आठवू नये याचं वाईट वाटतं. तो शब्द म्हणजे 'अनध्याय'. वेदाध्ययन थांबवायचे दिवस आणि प्रसंग म्हणजे अनध्याय. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, अमावास्या, पौर्णिमा हे ठरलेले. त्याखेरीज याज्ञवल्क्यस्मृतीत सदतीस 'तात्कालिक' अनध्याय सांगितले आहेत, म्हणजे कारण असेल तेवढ्यापुरतेच. धुळीचं वादळ, कुत्रा, कोल्हा, गाढव किंवा घुबड ओरडत असणं, आर्ताचा आक्रोश कानी पडणं, स्वतः धावत असणं, घरी शिष्ट म्हणजे आदरणीय माणूस येणं. यादी ओळीने वाचून पाहा. मन एकाग्र होणार नाही अशा कितीतरी वेळा नेमक्या टिपल्या आहेत. भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'त चौथ्या अंकात वाल्मीकींच्या आश्रमात मोठी मंडळी येतात आणि शिष्टानध्याय मिळाला म्हणून बटू खेळताना गलका करतात, तो हाच.

मला यात सर्वांत मोलाची वाटते ती एक सवलत. मनुस्मृती सांगते की वेदाला उपकारक अशा शास्त्रांना आणि नित्याच्या स्वाध्यायाला अनध्यायाचा निर्बंध नाही. मुख्य ग्रंथ मिटलेला असतो, पण त्याच्या आजूबाजूचं चालू राहतं. संशोधकाची संध्याकाळ याहून वेगळी काय असते?

प्रश्नकर्ता :
शेवटचं वाक्य अगदी लागू पडलं. बृहदीश्वराचं मंदिर राजराज चोळाचं, 1010 मध्ये पूर्ण झालेलं. मी तिथे निव्वळ हिंडायला जातो, पण आवाराच्या भिंतीवर तंजावरचे मराठा राजे सरफोजी यांनी 1803 मध्ये कोरून घेतलेलं भोसले वंशाचं चरित्र आहे, मराठीत आणि देवनागरीत. सकाळी कागदावर ज्या घराण्याच्या नोंदी लावत बसतो, त्याच घराण्याची कथा संध्याकाळी दगडावर समोर येते. वही हॉटेलवरच ठेवलेली असते, तरी पावलं तिथे थबकतात आणि सकाळी न जुळलेलं एखादं नातं जुळतं. तिरुवैयारूचं तसं नाही. तिथे कर्नाटक संगीताचे थोर रचनाकार त्यागराज यांच्या समाधीपाशी मी फक्त बसतो, आणि ते कुठल्याही कामात धरू नये असंच मला वाटतं.

मग दोन्हींना अनध्याय म्हणता येईल का? शिवाय, शब्द वेदाध्ययनातला असल्याने तो इतर अभ्यासाला लावणं चालेल?

प्रतिसाद :
खुशाल लावा. 'पारायण', 'स्नातक' हेही तिथूनच आले आणि आज विद्यापीठांत, व्यवहारात सहज नांदतात. दोन्ही संध्याकाळी अनध्यायच. समाधीपाशी बसलात तो पूर्ण अनध्याय, भिंतीपाशी थबकलात ती मनुस्मृतीतली सवलत.

प्रयोगाबद्दल एवढं सांभाळा. अनध्याय पुल्लिंगी, तो 'असतो' किंवा 'पाळतात'. रजेसारखा तो 'घेतला' असं लिहू नका, कारण घेतला म्हटलं की तो कुणाकडून घेतला हा प्रश्न आलाच. वृत्तान्तात असं वाक्य चालेल : 'ग्रंथालयाच्या वेळेनंतर अनध्याय पाळला, त्या वेळात मंदिराच्या आवारातील मराठी शिलालेख पाहिला.' तिरुवैयारूचा उल्लेख वृत्तान्तात नको. खासगी पत्रात लिहायचं झालं तर तिथे 'सवड काढून जाऊन आलो' हेच सर्वांत नेटकं.