आधी काटा, मग ताकद: 'मीटर शोभेचे' म्हणणाऱ्यांना उत्तर

चौथागिअर:
काल या फोरमवर धूरलोट यांनी डिझेल पिकअपच्या नव्या मालकाला सल्ला दिला: "पहिल्यांदा ट्यून मार. मग मोठा सायलेन्सर, मग एअर इनटेक. मीटर उरलेल्या पैशांत घे, नाही घेतलेस तरी चालेल, शोभेचीच वस्तू ती." बिचारा 'धन्यवाद दादा' म्हणून गेलासुद्धा. म्हणून हे लांबलचक.

माझं म्हणणं बरोब्बर उलटं आहे. आधी मीटर (तापमान, दाब दाखवणारे जादा काटे) लावा, महिनाभर गाडी आहे तशीच चालवा, रिकामी कशी चालते आणि भरलेली कशी, ते आकडे लिहून ठेवा. मगच ट्यूनकडे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सेटिंग बदलून इंजिनची ताकद वाढवण्याकडे, वळा. डिझेलमध्ये ताकद वाढवायची म्हणजे इंधन वाढवायचं. हवा तेवढीच राहिली तर जळणं लांबतं आणि ती उष्णता एक्झॉस्टच्या वाटेने बाहेर पडते. पेट्रोलवाल्यांच्या डोक्यात 'इंधन कमी पडलं की इंजिन तापतं' हे पक्कं बसलेलं असतं, इथे त्याच्या उलट.

मी स्वतः आधी ट्यूनचा प्लग-इन बॉक्स लावला होता, कबूल. ईजीटीचा, म्हणजे एक्झॉस्ट वायूच्या तापमानाचा, मीटर नंतर आणला, तोही अजून चिकटपट्टीने डॅशवर अडकवलेला. मागे ट्रेलर, लांब चढ, पाचवा गिअर, पाय फळीला टेकलेला. पाण्याचा काटा मधोमध, ढिम्म. ईजीटी मात्र ६५०, ६९०, ७२०. घाबरून चौथा टाकला. आरपीएम १७०० वरून २३०० वर गेले, गाडीचा वेग तोच, आणि पुढचं वळण येईपर्यंत काटा ६१० वर. गाडीत काहीही न बदलता शंभर अंश उतरले. मीटर नसता तर मी त्या चढावर 'काय खेचतेय गाडी!' म्हणत पाचव्यातच बसलो असतो.

धूरलोट:
माझ्या नावाने धागा! मोठा झालो म्हणायचं.

दीड लाख किलोमीटर झाले ट्यूनवर. एकही मीटर नाही, इंजिन उघडलेलं नाही. आजकालच्या गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सगळं बघतो, जास्त तापलं की स्वतःच इंधन कापतो. तुम्ही स्टिअरिंग धरता की काटे मोजत बसता?

आणि एक सांगा. अ‍ॅल्युमिनियम ६६० ला वितळतं. तुमचा काटा ७२० वर होता. मग पिस्टनची खीर कशी नाही झाली? म्हणजे एकतर मीटर खोटा, नाहीतर भीती खोटी.

नटबोल्ट:
भीतीही खरी, मीटरही खरा. गणित तेवढं अर्धवट आहे. ७२० हे वायूचं तापमान, धातूचं नाही. पिस्टनला खालून तेलाचे फवारे असतात, प्रत्येक फेरीत ताजी हवा आत येते, त्यामुळे धातू वायूच्या बराच खाली राहतो. पण त्यालाही मर्यादा आहे, आणि वितळण्याच्या कितीतरी आधी अ‍ॅल्युमिनियम मऊ पडायला लागतं. म्हणून टर्बोच्या (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) आधी ७०० च्या आसपास जास्त वेळ थांबू नये असा सर्वसाधारण संकेत आहे. दहा सेकंद ७२० आणि दहा मिनिटं ७२० यात फरक आहे.

ईसीयू सगळं बघतो म्हणे. प्लग-इन बॉक्स काय करतो माहीत आहे ना? कॉमन रेलच्या (इंजेक्टरना दाबाखाली इंधन पुरवणाऱ्या नळीच्या) प्रेशर सेन्सरचा सिग्नल मध्येच पकडून ईसीयूला कमी आकडा सांगतो. ईसीयू बिचारा प्रेशर वाढवतो. म्हणजे ज्याच्या भरवशावर तुम्ही बसलाय त्यालाच तुम्ही फसवलंय. वर ओबीडीचा (गाडीच्या निदानाच्या सॉकेटला लागणारा) स्कॅनर लावून बघितलात तर तोही ईसीयूला सांगितलेलं खोटंच वाचून दाखवतो, छान हिरव्या अक्षरांत.

धूरलोट:
माझा बॉक्स नाही, पूर्ण रीमॅप आहे, ईसीयूचा प्रोग्रामच बदललेला. आधी वाचा, मग शिकवा.

नटबोल्ट:
'ट्यून मार' असं मोघम लिहिलंत. ज्याला सल्ला दिलात तो सगळ्यात स्वस्त बॉक्सच घेणार. पैज?

जुना मिस्त्री:
मीटर लावा, माझी ना नाही. पण प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी कांडी, टर्बोनंतर लावा. मॅनिफोल्डला (इंजिनमधून एक्झॉस्ट टर्बोकडे नेणाऱ्या बिडाच्या नळीला) भोक पाडण्याचे धंदे घरी करू नका. बिडाचा चुरा आत राहिला तर टर्बोच्या पात्यांचं काय होतं ते मी बघितलंय. एक मुलगा गाडी घेऊन आला, म्हणाला शिट्टी वाजतेय. टर्बो काढला तर पात्यांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. विचारलं काय केलंस, तर म्हणे काही नाही. आणि मॅनिफोल्डवर नवाकोरा प्रोब चमकतोय.

चौथागिअर:
काका, आदर आहे, पण टर्बोनंतरचा आकडा काय कामाचा? पिस्टन टर्बोच्या आधी असतो.

जुना मिस्त्री:
दीडशे मिळवायचे त्यात. झालं.

नटबोल्ट:
नाही झालं. टर्बाइन त्या वायूतूनच काम काढून घेतं. आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये पेटंट घेतलं ते याच वाया जाणाऱ्या ऊर्जेसाठी. जितकं काम जास्त, तितकं तापमान जास्त उतरतं. गाडी नुसती उभी असताना दोन्ही बाजूंना जवळपास सारखंच, चढावर शंभर, दीडशे, कधी त्याहून जास्त फरक. म्हणजे जेव्हा आकडा खरंच हवा असतो नेमकी तेव्हाच तुमची बेरीज चुकते.

जुना मिस्त्री:
ब्यूखीसाहेब माझ्याकडे गाडी घेऊन आले नव्हते. तो मुलगा आला होता.

रानवाट:
मध्ये बोलू का? ट्रेलर ओढणाऱ्यांनी गिअरबॉक्सच्या तेलाचा मीटर आधी लावावा असं माझं मत. ऑटोमॅटिक आहे माझी.

चौथागिअर:
मॅनिफोल्ड न काढता भोक पाडता येतं, मी पाडलंय. बिटला भरपूर ग्रीस, थोडं पाडायचं, बाहेर काढून पुसायचं, पुन्हा ग्रीस. शेवटचा पापुद्रा राहिला की अगदी सावकाश. मग टॅप, त्यालाही ग्रीस. नंतर काडीला लावलेलं चुंबक आत फिरवलं, त्याला मिशीच्या केसांएवढा चुरा चिकटून आला. बीड चुंबकाला धरतं हे तर नशीबच म्हणायचं.

तेहेतीसइंची:
त्यापेक्षा इंजिन चालू ठेवून पाडा. एक्झॉस्टचा दाब चुरा बाहेर फेकतो. मी तसंच केलं.

जुना मिस्त्री:
डोळे शाबूत आहेत ना?

तेहेतीसइंची:
चष्मा होता. हात मात्र भाजला.

बाकी तुमचं सगळं भांडण फुकट आहे. निम्म्या लोकांची 'गाडी ओढत नाही' ही तक्रार टायरमुळे असते. तीस इंची काढून तेहेतीस घालतात दिसायला भारी म्हणून. म्हणजे गिअरिंग दहा टक्क्यांनी लांबलं. इंजिन दमणार, ईजीटी चढणार, स्पीडोमीटर १०० दाखवणार आणि गाडी ११० ने पळणार. मग हे ट्यून शोधत फिरतात! अ‍ॅक्सलचं रेशो बदला आधी.

धूरलोट:
तुमचं नाव काय हो?

तेहेतीसइंची:
अनुभवातून बोलतोय म्हणूनच ते नाव. मला कोणी सांगितलं नव्हतं.

रानवाट:
गिअरबॉक्सचं तेल. कोणी आहे का?

रीजनग्रस्त:
खरी भानगड डीपीएफ, म्हणजे एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर, आहे. काढून टाका, गाडी मोकळा श्वास घेते. माझी दर आठवड्याला रीजन (साठलेली काजळी जाळणं) मागते.

नटबोल्ट:
दर आठवड्याला मागत असेल तर इंजेक्टर गळतोय का, ईजीआर (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) अडकलाय का ते बघा. तापाला थर्मामीटर फोडून औषध होत नाही. आणि बऱ्याच देशांत तो काढणं सरळ बेकायदा आहे. धूर ओकत गेलात की मागच्या गाडीतल्या पोराच्या नाकात जातो. काळा धूर म्हणजे ताकद नव्हे, न जळलेलं इंधन. पैसे जाळण्याची तीही धड न जमलेली पद्धत.

धूरलोट:
माझ्या नावावर टोमणे पुरे. तरुणपणी घेतलेलं नाव आहे, बदलता येत नाही. माझी गाडी आता धूर काढत नाही.

चौथागिअर:
का काढत नाही?

धूरलोट:
इंटरकूलर, टर्बोची हवा गार करणारा, मोठा घातला. आणि बूस्टचा, म्हणजे टर्बोच्या दाबाच्या हवेचा, पाइप फाटला होता, तो बदलला.

चौथागिअर:
फाटलाय हे कळलं कधी?

धूरलोट:
तीनेक महिन्यांनी. हात काळा झाला तेव्हा.

चौथागिअर:
बूस्टचा मीटर असता तर पहिल्या चढावर कळलं असतं. रोज २० पीएसआयवर जाणारा काटा १२ वर अडकला की आंधळ्यालाही समजतं. तीन महिने कमी हवेवर ट्यूनचं इंधन ओतत होतात, आणि वर 'एकही मीटर नाही' हे मिरवताय.

धूरलोट:
इंजिन उघडलं का? नाही ना. मुद्दा संपला.

जुना मिस्त्री:
काही लोक हेल्मेट न घालताही म्हातारे होतात.

रानवाट:
शेवटचं लिहिते. मला वाटायचं हमरस्त्यावर वेगात तेल तापत असेल. मीटर लावल्यावर कळलं की तिथे कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी तेलातून ताकद पुढे देणारा भाग) लॉक झालेला असतो, काटा शांत. ट्रेलर रिव्हर्समध्ये चढावर लावताना, पायी चालण्याच्या वेगाने, दहा मिनिटांत ९० वरून १२५ वर गेला. कन्व्हर्टर नुसता घसरत होता, सगळी ताकद तेल तापवण्यात. आता लो रेंज (फोर बाय फोरचे सावकाश, जोरदार गिअर) टाकून लावते, आणि लावून झालं की न्यूट्रलमध्ये थोडं इंजिन चालू ठेवते, कूलरमधून तेल फिरेपर्यंत. आधीचा गिअरबॉक्स गेला तेव्हा सर्व्हिसवाल्यांनी 'तुम्हाला चालवता येत नाही' असं सुचवलं होतं. ट्यूनने टॉर्क वाढवून तो जाणार कुठून, याचा इथे एकानेही विचार केलेला नाही. मॅन्युअल असेल तर क्लच घसरेल, ऑटोमॅटिक असेल तर तेल जळेल.

नटबोल्ट:
हे सगळ्यात वर असायला हवं होतं. माफी.

रानवाट:
भोकातून बाहेर आलात याबद्दल आभार.

चौथागिअर:
मान्य. मी ईजीटी पहिला म्हटलं असतं. ट्रेलर आणि ऑटोमॅटिक दोन्ही असेल तर तेलाचा पहिला, ईजीटी दुसरा. बूस्ट तिसरा, धूरलोट यांच्या पाइपच्या स्मरणार्थ.

धूरलोट:
(दोन दिवसांनी) मित्राचा मीटर दोन दिवसांपुरता आणला. क्लॅम्पवाला प्रोब, टर्बोनंतर. गाडी भरली, नेहमीच्या चढावर घातली. ५९० दाखवला. म्हटलं बघा, काही नाही.

नटबोल्ट:
टर्बोनंतर ५९०. आधी किती असेल?

धूरलोट:
तोच हिशेब रात्री करत बसलो होतो. मिस्त्रीकाकांच्या हिशेबाने ७४०. तुमच्या हिशेबाने 'सांगता येत नाही'. दोन्ही ऐकून झोप लागली नाही.

मीटर घेतोय. दोन. काचेच्या बाजूच्या खांबावर नाही लावणार, कुठेतरी खाली, लोकांना दिसायला नकोत. शोभेची वस्तू म्हणतील.

चौथागिअर:
प्रोब कुठे लावणार?

धूरलोट:
मॅनिफोल्डलाच. तेहेतीसइंची यांच्या पद्धतीने, इंजिन चालू ठेवून. मिस्त्रीकाकांना कळू देऊ नका.

जुना मिस्त्री:
वाचतोय मी.