१८-० वाले पेट्रियट्स आठवले
फायनलआधीच मीडियाने एका टीमच्या गळ्यात माळ घालून ठेवली की मला २००८ची सुपर बोल (अमेरिकन फुटबॉलची फायनल) आठवते. न्यू इंग्लंड पेट्रियट्स १८-०, एकही मॅच हरलेले नाहीत, आणि दोन आठवडे चॅनेलवाल्यांना दुसरं काही सुचतच नव्हतं. त्यांचा क्वार्टरबॅक (बॉल फेकून अटॅक चालवणारा) टॉम ब्रेडी न्यूयॉर्कमध्ये पायात मेडिकल बूट घालून चालताना दिसला तर त्या घोट्यावर चर्चाच चर्चा! (दोन आठवडे गॅप म्हटल्यावर भरायला काहीतरी लागतंच म्हणा.) समोरच्या न्यूयॉर्क जायंट्सचा खेळाडू प्लॅक्सिको बरेस म्हणाला आम्ही २३-१७ने जिंकू, ते पत्रकारांनी ब्रेडीला सांगितलं तर तो हसला, आम्ही फक्त १७ पॉइंट्स करणार म्हणे? शेवटी केले १४, जायंट्स १७-१४ने जिंकले, ब्रेडी पाच वेळा सॅक झाला, म्हणजे बॉल फेकायच्या आधीच पाडला गेला. मला राग याचा येतो की याच जायंट्सनी साखळी सीझनच्या शेवटच्या मॅचमध्ये पेट्रियट्सना घाम फोडला होता, ते कसेबसे ३८-३५ने जिंकले होते, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, तरी घोट्यापुढे जायंट्सच्या डिफेन्सिव्ह लाइनची (क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्या पुढच्या फळीची) चर्चा करायला वेळ कोणाला होता!