मदत हवी आहे: नेपाळला परतणाऱ्या कामगाराच्या पेन्शन-सेवेबद्दल

सोलापुरातील एका टॉवेल कारखान्यात मी हिशेबाचे काम पाहतो. आमचे एक नेपाळी सहकारी आठ वर्षांच्या सेवेनंतर गावी परतत आहेत. १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे भविष्य निर्वाह निधी योजनेत नेपाळी नागरिकाला भारतीय कामगारच मानले जाते, त्यामुळे त्यांची कपात आमच्यासारखीच झाली. मात्र जर्मनीशी आहे तसा, दोन्ही देशांतील सेवा एकत्र मोजणारा सामाजिक सुरक्षा करार नेपाळशी नाही. मासिक पेन्शनला किमान दहा वर्षांची सेवा लागते, आणि अडचण तिथेच आहे.

यूएएनला (पीएफ सदस्याच्या कायम क्रमांकाला) आधार व इथले बँक खाते जोडलेले आहे, नोकरी सोडल्याची तारीखही नोंदवली आहे. पीएफच्या रकमेबद्दल प्रश्न नाही. पेन्शनसाठी सल्लागारांनी ‘फॉर्म १०-सी भरून पैसे काढून घ्या’ एवढेच सांगितले. परंतु स्कीम सर्टिफिकेट (पैसे न काढता पेन्शनची सेवा नोंदवून ठेवणारा दाखला) घेतल्यास पुन्हा भारतात नोकरी लागल्यावर ही वर्षे धरली जातात, म्हणून इतक्या सेवेवर घाईने पाणी सोडणे मला योग्य वाटत नाही.

त्यांचे वय ४१ आहे. सर्टिफिकेट घेऊन ते परतले आणि पुढे भारतात नोकरी केलीच नाही, तर ५८ व्या वर्षी नेपाळमधूनच त्यावर रक्कम मागता येते का, आणि ती तिथल्या बँक खात्यात जमा होऊ शकते का?