कुत्रा आणि सुळा: ‘कॅनाइन’ या शब्दाचे दोन अर्थ

मुक्काम_पोस्ट:
आमच्या कुत्र्याच्या लसीकरणाच्या पुस्तिकेत ‘कॅनाइन डिस्टेंपर’ असे छापलेले आहे आणि भाचीच्या दातांच्या एक्स-रे अहवालात ‘१३ क्रमांकाचा कॅनाइन हाडात अडकलेला’ असा शेरा आहे. अहवालातील शब्द सुळ्यासाठी आहे, एवढे समजले. परंतु टोकदार दातांबाबत वाघ-बिबट्यांची ख्याती असताना या दाताला कुत्र्याचेच नाव का मिळाले असावे? शिवाय लांडगा आणि कोल्हा यांनाही हा शब्द लागू होतो का? जाणकारांनी खुलासा करावा.

शब्दवेडा:
लॅटिनमध्ये ‘कॅनिस’ म्हणजे कुत्रा आणि ‘कॅनिनुस’ म्हणजे कुत्र्याचा किंवा कुत्र्यासारखा. ‘कुत्र्याचा दात’ या जोडशब्दातला दात पुढे गळून पडला आणि नुसता कुत्रा मागे राहिला, असे म्हणायला हरकत नाही. रोमनांच्या आधी ग्रीकांनीही या दाताला ‘कुत्र्याचा दात’ असेच म्हटले होते. माझ्या मते कारण साधे आहे: वाघ कोणाच्या दारात बसून जबडा दाखवत नाही, ओठ मागे ओढून गुरगुरणारा कुत्रा मात्र रोज दिसतो. संस्कृत ‘श्वन्’, ग्रीक ‘क्युऑन’ आणि लॅटिन ‘कॅनिस’ हे एकाच मुळाचे शब्द असून, आयुर्वेदात ‘श्वदंष्ट्रा’ हे चक्क गोखरूचे नाव आहे. ज्याच्या पायात सराटा मोडला आहे, त्याला ते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

प्राण्यांबाबत सांगायचे तर कुत्रा, लांडगा आणि कोल्हा हे ‘कॅनिस’ याच प्रजातीत मोडतात. खोकड आणि कोळसुंदा यांच्या प्रजाती वेगळ्या असल्या, तरी कुळ एकच असल्याने व्यापक अर्थाने त्यांनाही कॅनाइन म्हणतात.

दंतकथा:
मी दंतवैद्य असल्याने फक्त अहवालापुरते लिहितो. १३ हा तेरावा दात नव्हे: १ म्हणजे वरची उजवी बाजू आणि ३ म्हणजे मधल्या रेषेपासून तिसरा दात. वरचे कायमचे सुळे साधारण ११ ते १२ व्या वर्षी येतात, त्यांचे मूळ सर्व दातांत लांब असते आणि अक्कलदाढांच्या खालोखाल हेच दात हाडात अडकतात. दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीवर बोट फिरवून सुळ्याचा उंचवटा लागला नाही, तर तपासून घ्यावे. आपल्या भाचीला दातांना तारा लावणाऱ्या तज्ज्ञांकडे न्यावे. पुष्कळदा असा दात काढून न टाकता हळूहळू ओढून जागेवर आणता येतो.

रानवाट:
एक पुरवणी जोडतो. दात कॅनाइन आहे की नाही, हे टोकावरून नव्हे, तर जागेवरून ठरते. आपण हत्तीचे ‘सुळे’ म्हणतो खरे, पण ते वरच्या जबड्याच्या अगदी पुढच्या हाडातून वाढलेले पटाशीचे दात आहेत, त्यामुळे शास्त्राच्या भाषेत त्यांना कॅनाइन म्हणता येत नाही. रानडुकराचे सुळे मात्र खरेखुरे कॅनाइन आहेत. उंदीर, घूस आणि ससा यांना हा दात नसतोच. त्यांच्या पटाशीच्या दातांपासून दाढांपर्यंत मोकळी हिरडी असते.